दहावीनंतर एक वर्ष परदेशातल्या घरात, तिथल्या शाळेत : पाठवावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावीत आहे. राज्य मंडळ, सेमी-इंग्रजी, आम्ही कराडचे. जूनमध्ये शाळेत रोटरीच्या लोकांचा कार्यक्रम झाला. त्यात युथ एक्सचेंजवर वर्षभर फ्रान्सला राहून आलेली एक मुलगी बोलली आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. अकरावीच्या वयात दुसऱ्या देशात जायचं, तिथल्या एका कुटुंबात राहायचं, त्यांच्या गावातल्या शाळेत बसायचं आणि वर्षाने परत यायचं, असं साधारण स्वरूप कळलं.

लेक हुशार आहे, पण दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसणारी नाही. मागच्या गॅदरिंगला नाटकाच्या तालमी करून घसा बसवून घेतला होता. मला मनापासून वाटतं, जावं. नवऱ्याचं रोज वेगळं मत. सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "वयात आलेली पोर वर्षभर परक्यांच्या घरात ठेवायची, आणि ते लोक पैसेही घेत नाहीत म्हणता, मग ठेवतात कशाला?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. खरं तर हा प्रश्न मलाही पडलाय.

वर्ष वाया जातं का, बारावीचं काय होतं, घर वाईट निघालं तर काय करायचं? शिवाय आम्ही शाकाहारी (अंडं चालतं). स्वतः गेलेल्यांनी, मुलांना पाठवलेल्यांनी किंवा घरी परदेशी मूल ठेवलेल्यांनी लिहावं ही विनंती. कन्सल्टंट मंडळींनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये, दोघांचे फोन आधीच येऊन गेलेत. त्यांना माझा नंबर कुठून मिळाला देव जाणे.

अवकाळी

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. बरीच वर्षं फिजिक्स शिकवतोय. नीट असो की जेईई, निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा असतो. अकरावीचं मेकॅनिक्स कच्चं राहिलेलं पोरगं बारावीत कुठे कुठे अडकतं ते मी दरवर्षी बघतो. त्यात मध्येच एक वर्ष कुठेतरी बर्फात खेळून आलेल्या मुलाला पुन्हा टेबलाशी बसवणं म्हणजे आईबापांची परीक्षा. परदेश बघायचाच तर डिग्रीनंतर आहेच की, निम्मा महाराष्ट्र तिकडेच आहे. हे सगळं ज्यांच्या घरचा धंदा आहे त्यांना परवडतं.

निशाचर

वाचनखूण साठवली. आमचं कार्टं आठवीत आहे, पण आत्तापासूनच लक्षणं दिसतायत.

उलटा_पतंग

मी गेलो होतो. पुण्याहून, दहावीनंतर, रोटरीकडून, जर्मनीला. आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीईटीने लागलो, जेईईच्या वाटेला गेलो नाही. अवकाळी सर, घरी धंदा नाही, बाबा पतपेढीत आहेत.

आधी ढोबळ माहिती. रोटरीचं मोठ्या मुदतीचं एक्सचेंज साधारण १५ ते १९ वयाच्या मुलांसाठी असतं, एक शैक्षणिक वर्ष. आईवडील रोटरीत असावे लागत नाहीत. गावातला क्लब अर्ज घेतो, तिथे मुलाखत होते, मग डिस्ट्रिक्टची (म्हणजे अनेक क्लब मिळून होणारा रोटरीचा विभाग) मुलाखत. राहणं, जेवण, शाळा यांचे पैसे पडत नाहीत आणि तिथला क्लब दरमहा थोडा हातखर्चही देतो. आपल्या खिशातून जातं ते विमानाचं तिकीट, विमा, व्हिसा, एक्सचेंजच्या मुलांचा तो निळा ब्लेझर आणि भाषेच्या क्लासची फी. देशांचा पसंतीक्रम लिहून घेतात, पण मिळेल तो घ्यावा लागतो. माझी पहिली पसंती ब्राझील होती!

नियम चार : ड्रिंकिंग, ड्रायव्हिंग, डेटिंग, ड्रग्ज, चारही बंद. जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर कायद्याने चालते, त्यामुळे वर्गातली सगळी जनता पार्टीत बिअर पीत असते आणि आपण सफरचंदाचा रस हातात धरून उभे. मोडलात नियम तर घरी रवानगी, आणि ती खरंच करतात.

माझं घर ओल्डेनबुर्गजवळच्या खेड्यात होतं. सपाट मुलूख, गाई, सतत वारा, आणि पाऊस असा की कोसळत कधीच नाही, दिवसभर नुसता गळत राहतो. मॅक्सम्युलर भवनात जर्मनचं ए-वन (अगदी पहिली पातळी) करून गेलो होतो. त्याचा उपयोग स्टेशनवर स्वतःचं नाव सांगण्यापुरता झाला. पहिले दोन-तीन महिने वर्गात ओ की ठो कळत नव्हतं. आणि तिकडे वर्गात तोंड उघडण्याला मार्क असतात, लेखी पेपराइतकं वजन, काही विषयांत जास्तच. पुण्यात पहिल्या बाकावर गप्प बसून सुवाच्य अक्षरात वही भरणारा मी, तिथल्या बाईंच्या दृष्टीने गैरहजर असल्यात जमा होतो.

घरी संध्याकाळी साडेसहाला जेवण. टेबलावर पाव, लोणी, चीज, मांसाचे पातळ काप, काकडी. पहिल्या दिवशी मला वाटलं हे मधलं खाणं असणार. एक तुकडा खाल्ला आणि गरम जेवणाची वाट बघत बसलो. सगळे उठले, ताटल्या डिशवॉशरमध्ये गेल्या, दिवे मालवले. रात्री बॅगेतली आईने दिलेली शंकरपाळी संपवली.

फ्रिजशेजारी भिंतीवर एक लांबट कॅलेंडर होतं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचा एक उभा रकाना, त्यात कुणाचा दाताचा डॉक्टर, कुणाचं फुटबॉल, गाडी कोणाला कधी हवी. शेवटी पेनाने पट्टी धरून आखलेला एक जास्तीचा रकाना, माझ्या नावाचा. त्यात काही लिहिलं नाही तर तुम्ही घरी जेवायला आहात असं धरतात आणि पाव तेवढा मोजून आणतात. एकदा मित्राकडे गेलो, फोन मेला, रात्री उशिरा सायकल मारत घरी आलो. होस्ट बाबा दारातच उभे. आवाज चढवून जे बोलले ते मला पहिल्यापासून शेवटपर्यंत समजलं. त्या दिवसापर्यंत ते माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं हळू, सुटंसुटं बोलायचे.

ताई, खाण्याचा प्रश्न सुटतो. अवघड असतं ते गप्प राहणं. घरी मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. तिथे डोक्यात विनोद यायचा, वाक्य जुळवून क्रियापद शेवटी नेऊन बसवेपर्यंत मंडळी दुसऱ्या विषयावर गेलेली असायची. आपण हुशार आहोत, मजेशीर आहोत हे सिद्ध करायला भाषाच नाही, अशा अवस्थेत चार महिने काढायची तयारी आहे का, हे लेकीला विचारा. नाटकातली असेल तर तिला हे जास्त टोचेल. आणि मग, कदाचित, लवकर जमेलही.

कृष्णाकाठ

उलटा_पतंग, मनापासून धन्यवाद. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चार महिने मूकनाट्य." तिला ते आकर्षकच वाटतंय असं दिसतं.

एका कन्सल्टंटने काल पुन्हा फोन केला. म्हणतो, अमेरिकेतली 'एक्सचेंज' जागा नक्की मिळवून देतो, शाळा तुम्ही निवडा, राज्य तुम्ही निवडा. आकडा ऐकून नवऱ्याने फोन स्पीकरवरून काढला.

मिनेसोटा_माई

त्याला म्हणावं नमस्कार! कृष्णाकाठ, इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करून विकतात, ती आधी सोडवा.

अमेरिकेत एक्सचेंजचं मूल येतं ते जे-१ व्हिसावर. वय शाळा सुरू होताना किमान १५ आणि जास्तीत जास्त साडेअठरा, आणि शालेय शिक्षण ११ वर्षांहून जास्त झालेलं नसावं. म्हणजे दहावी झालेलं मूल बसतं, बारावी झालेलं बसत नाही. संस्था अमेरिकन परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेलीच लागते, यादी त्यांच्या संकेतस्थळावर उघडी आहे. यजमान कुटुंबाला एक पैसा देता येत नाही. दुसरा प्रकार एफ-१. त्यात तुम्ही फी भरून शाळेत प्रवेश घेता. सरकारी हायस्कुलात त्या व्हिसावर जास्तीत जास्त १२ महिने, तेही शिक्षणाचा पूर्ण खर्च भरून. खाजगी शाळेत हवी तेवढी वर्षं. राज्य निवडा, शाळा निवडा असं कुणी म्हणालं की समजायचं, हा एफ-१ विकतोय. त्यात बेकायदा काही नाही, पण ते एक्सचेंज नव्हे.

आता घर वाईट निघालं तर. जे-१ च्या नियमांनुसार घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासतात, घरी जाऊन मुलाखत घेतात, आणि घर ठरल्याशिवाय मूल विमानात बसत नाही. संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी १२० मैलांच्या आत राहणारा असावा लागतो आणि त्याने दर महिन्याला मुलाशी स्वतः संपर्क ठेवायचा असतो. मुलाच्या हातात संस्थेचा आणि परराष्ट्र खात्याचा असे दोन्ही फोन नंबर असलेलं कार्ड देतात. ते कार्ड लेकीने पाकिटात नाही, पाठ करून ठेवावं. नियम कागदावर चांगले आहेत, अंमलबजावणी माणसांवर अवलंबून. आम्ही एका इटालियन मुलाला मधूनच आमच्याकडे घेतलं, कारण आधीच्या घरात जोडप्याचं रोज भांडण व्हायचं. त्याने महिनाभर कुणाला सांगितलंच नव्हतं, त्यांना वाईट वाटेल म्हणून. घर बदलून मागणं ही तक्रार नसते, सोय असते. हे मुलीच्या डोक्यात जाण्याआधीच भरा.

आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क विसरा. मुलं जातात ती बहुतेक लहान गावांत. रिकामी खोली, गाडीतली एक जागा आणि पोराला रोज सरावाला सोडायला वेळ, हे सगळं तिथेच असतं.

जास्वंदी

सासूबाईंच्या प्रश्नाला मी उत्तर देते. आम्ही ठेवली होती. सांगलीत, ब्राझीलची सतरा वर्षांची मुलगी. आमचा मुलगा त्याच वर्षी मेक्सिकोला गेला होता आणि खोली रिकामी होती. (आमचा रोटरी डिस्ट्रिक्ट ३१७०, त्यात कोल्हापूर, बेळगाव, गोवाही येतं, त्यामुळे मुलांच्या सहलीला गोवा फुकटात.) बऱ्याच ठिकाणी अशीच अपेक्षा असते, ज्यांचं मूल जातं त्यांनी एक मूल ठेवावं. तेव्हा जाण्याच्या अर्जासोबत येणारीची खोलीही मनात धरा.

ठेवतात कशाला? आमच्याकडे मुलगा गेल्यावर घर खायला उठलं होतं, हे एक. माझ्या सासऱ्यांना बदामसातला भिडू हवा होता, हे दुसरं, आणि ही थट्टा नाही. दोन महिन्यांत ती त्यांच्याइतकीच लबाडी करून खेळायला लागली. जगात अशी बरीच घरं असतात, मूल बाहेर गेलेली, किंवा मुलं लहान आणि त्यांना दादा-ताई हवी असलेली. सासूबाईंना सांगा, पैसे देऊन ठेवलं असतं तर मी जास्त घाबरले असते.

ती आली त्या दिवशी तिने सगळ्यांना मिठी मारून गालाला गाल लावले, सासऱ्यांनाही. पुढचा आठवडाभर ती दिवाणखान्यात आली की ते पेपर डोळ्यांसमोर धरायचे. दिवाळीपर्यंत स्वतःच गाल पुढे करायला लागले. भाकरी-ठेचा ती आवडीने खायची, शेपूला मात्र शेवटपर्यंत 'गवत' म्हणत राहिली.

खरी ठिणगी पडली ती बाहेर जाण्यावरून. कॅम्पिनासमध्ये एकटी बसने गावभर फिरणारी मुलगी, आणि इथे कोपऱ्यावर वही आणायला गेली तरी कुणीतरी सोबत. रिक्षावाला ओळखीचा, क्लासवाले ओळखीचे, शेजारच्या काकू गच्चीतून लक्ष ठेवून. एके दिवशी ती तिच्या काउन्सेलरकडे जाऊन रडली की मी कैदेत आहे. (प्रत्येक मुलाला यजमान क्लबमधला एक माणूस नेमून दिलेला असतो, तो त्या घरातला नसतो. ही व्यवस्था फार शहाणपणाची आहे.) मग तिघांनी बसून ठरवलं, विश्रामबागेतून कॉलेजला सायकलने एकटी जाईल, अंधार पडायच्या आत घरी, आणि बाजारपेठेत मैत्रिणींबरोबर. माझी झोप उडाली, तिचा चेहरा फुलला. आपल्याकडे येणारी मुलं जेवणाला, उन्हाला कंटाळत नाहीत, या सोबतीला कंटाळतात.

जाता जाता कागदाचं : परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, तो हॉटेललाच नाही, आपल्या घरालाही लागू आहे. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. क्लबवाले मदत करतात, पण सही आपली असते.

अवकाळी

जास्वंदीताई, बदामसातचं आवडलं. माझा मुद्दा मात्र बाजूलाच पडलाय. परत आल्यावर पोरगं बसणार कुठल्या वर्गात?

हेडक्लार्क

माझा नंबर आला वाटतं. ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालोय, अशी तीन-चार प्रकरणं हातून गेली.

परदेशातलं ते वर्ष आपल्याकडे आपोआप अकरावी म्हणून धरत नाहीत. अमेरिकेत एक वर्षाला हायस्कूलचा डिप्लोमा बहुतेक शाळा देत नाहीत, फक्त गुणपत्रक देतात. जर्मनीत तर पोर चालू वर्गात नुसतं बसलेलं असतं. त्यामुळे आमच्याकडची बहुतेक मुलं परत येऊन अकरावीला नव्याने बसली. म्हणजे बरोबरीच्या मुलांच्या एक वर्ष मागे. हा सरळ, बिनकटकटीचा मार्ग. सायन्स घ्यायचं असेल तर मी हाच सांगेन, अवकाळी सरांचा जीवही भांड्यात पडेल.

दुसरा मार्ग एका वाणिज्यच्या मुलाने धरला. आल्यावर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली. दहावीनंतर दोन वर्षं झालेली होती, त्यामुळे बसलं. तिसरा मार्ग, थेट बारावीला नियमित प्रवेश. त्याला परदेशी गुणपत्रकाची समकक्षता, मंडळाचं पात्रता प्रमाणपत्र वगैरे. समकक्षतेचं काम आमच्या वेळी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज बघायची. जमलं तर जमलं, त्याच्या भरवशावर तिकीट काढू नका. सीबीएसईवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथे अकरावीतही बोर्डाकडे नोंदणी असते. शाळेने तोंडी 'बघू, करू' म्हटलेलं चालत नाही. प्राचार्यांचं पत्र घ्या, आवक-जावक नंबरासकट.

राज्याच्या कोट्याचा प्रश्न नेहमी विचारतात. सीईटीला आणि मेडिकलला महाराष्ट्राचा म्हणून धरायला दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून आणि डोमिसाइल बघतात. मधलं वर्ष बाहेर गेलं म्हणून मूल परप्रांतीय होत नाही. तरी त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचाच, छापील नियम तोच खरा.

जुना_टपाली

वाचून १९९३ साल आठवलं. मी नाशिकहून आयोवाला गेलो होतो, एएफएसकडून. रोटरीबद्दल बोलणं चाललंय म्हणून या दुसऱ्या दाराबद्दल लिहितो.

एएफएस म्हणजे अमेरिकन फील्ड सर्व्हिस. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची ही रुग्णवाहिका संघटना. दुसऱ्या महायुद्धातही गाड्या चालवल्या. नंतर त्याच चालकांनी ठरवलं की आता पोरं एकमेकांच्या घरी राहायला पाठवू, आणि १९४७ पासून शाळकरी मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. प्रेतं उचललेल्या माणसांनी काढलेली योजना आहे ही, त्यामुळे तिचं व्हिसा-करिअरशी फारसं नातं नाही. भारतातही त्यांचं काम आहे. फी काही लाखांत जाते, शिष्यवृत्त्या असतात.

त्यात एक पूर्ण शिष्यवृत्तीची योजना कराडच्या लेकीने नक्की बघावी. केनेडी-लुगर युथ एक्सचेंज अँड स्टडी, बोलीभाषेत 'येस'. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००२ मध्ये अमेरिकन सरकारने मोठी मुस्लीम लोकसंख्या असलेल्या देशांसाठी ती काढली, त्यात भारतही आहे. सगळ्या धर्मांची मुलं जातात. भारतातली निवड एएफएसमार्फत होत आलेली. तिकीट, विमा, हातखर्च सगळं त्यांच्याकडून. पैसा अमेरिकेच्या सरकारी तिजोरीतला, तेव्हा त्या-त्या वर्षी जागा निघाल्यात का ते विचारून घ्यायचं.

आता शाकाहार. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं आणि मी जाऊन पडलो आयोवात. मका आणि डुकरं, दोन्हींत अमेरिकेत पहिला नंबर. होस्ट बाबांची डुकरंच होती. होस्ट आईने पहिल्या रात्री पुस्तकातून बघून राजमा केला, त्यात चवीला बेकन. तिच्या लेखी बेकन हे मांस नव्हतं, फोडणी होती. नंतर आम्ही यादी केली, फ्रिजवर चिकटवली. पीनट बटर, मका, बटाटा, चीज, दूध यावर वर्ष मजेत गेलं, वजन वाढलं. अर्जात 'शाकाहारी, पण अंडं-दूध चालतं' असं आणि बीफबद्दल काय ते, ठळक लिहा. शाकाहारी मुलाला घर मिळायला जरा वेळ लागतो, पण जे मिळतं ते वाचून हो म्हणालेलं असतं.

आम्हाला फोन परवडत नव्हता. बाबा महिन्यातून एकदा आयएसडी बूथवर जायचे, घड्याळावर नजर ठेवून आई बोलायची, आणि बाकी सगळं एरोग्रामवर. पत्र पोचेपर्यंत माझं रडं थांबलेलं असायचं. आजच्या मुलांना हीच अडचण आहे की रडू येताच आईचा चेहरा समोर येतो.

उलटा_पतंग

टपालीकाकांच्या शेवटच्या वाक्याला +१००. माझ्याबरोबर एक मुलगी होती, दुसऱ्या राज्यातली. तिची आई रोज दोन वेळा व्हिडिओ कॉल करायची, जेवणाच्या टेबलावरसुद्धा. होस्ट घरातले लोक हळूहळू तिच्याशी बोलायचे थांबले, कारण ती कायम फोनमधल्या घरी असायची. डिसेंबरात ती परत गेली. आमच्या घरचा नियम रविवारी एक फोन. सुरुवातीला आईने त्यावरून बाबांशी अबोला धरला होता. कृष्णाकाठताई, लेकीपेक्षा हा नियम तुम्हाला जड जाणार आहे.

आणि आईबाबांनी वर्षाच्या मध्ये भेटायला जायचं नसतं. बहुतेक क्लब शेवटच्या काही महिन्यांतच परवानगी देतात.

अवकाळी सर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर : मी परत अकरावीला बसलो. वर्गात वर्षाने मोठा. त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुण्यात आल्यावर मित्रांना पहिल्या दहा मिनिटांत ऐकायचं होतं, पुढे नाही. ते पुढच्या वर्गात, त्यांचे क्लास, त्यांचे ग्रुप. घरात आई विचारत होती "कुठे चाललास", आणि मी वर्षभर रकान्यात लिहून, सायकल काढून जाणारा. जाताना ओरिएंटेशनमध्ये तिकडे कसं वागायचं यावर दोन दिवस बोलतात, परत आल्यावरच्या घुसमटीवर जेमतेम अर्धा तास. तो पहिला पाऊस घरात सगळ्यांनाच जड गेला.

अवकाळी

माझं मत फार बदललेलं नाही, पण हेडक्लार्क साहेबांनी सांगितलेला 'एक वर्ष मागे, पण पूर्ण अकरावी' हा मार्ग मला मान्य आहे. दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात कोंबण्यापेक्षा शंभर पटीने बरा. एक मात्र सांगतो. दहावीच्या मार्कांना घाबरून, किंवा अकरावीचा ताण नको म्हणून जाऊ म्हणणारी मुलं मी बघितलीत. ती तिकडेही खोलीचं दार लावून बसतात. लेक कशापासून पळतेय का, तेवढं बघा. नाटकवाली आहे म्हणताय, म्हणजे बहुधा नसेल.

निशाचर

अवकाळी सर चक्क नरम? स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मिनेसोटा_माई

वेळापत्रकाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून : ऑगस्टमध्ये जायचं तर अर्ज आदल्या वर्षी पावसाळा संपता संपता सुरू होतात. म्हणजे दहावीची सहामाही आणि हे अर्ज एकत्र येतात. अर्जात यजमान कुटुंबाला एक पत्र आणि घरचे फोटो मागतात. ते पत्र आईने किंवा क्लासच्या सरांनी लिहू नये, चटकन ओळखू येतं. आमच्या इटालियनने लिहिलं होतं की मला भांडी घासायला आवडत नाही पण घासतो. आम्ही त्या एका वाक्यावर हो म्हणालो.

कृष्णाकाठ

मंडळी, उशिरा अपडेट देतेय. सहामाही झाली. क्लबची मुलाखत झाली आणि नाव डिस्ट्रिक्टकडे गेलं. पसंतीत फ्रान्स, जर्मनी, तैवान लिहिलंय. 'येस'चीही चौकशी केली, त्यांच्याकडून कळवतो म्हणाले. कॉलेजशी बोलले, परत येऊन अकरावीलाच बसायचं हे आम्ही तिघांनी मान्य केलं. सासूबाईंना जास्वंदीताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. त्यांचा आता वेगळाच प्रश्न, आपल्याकडे येणारी मुलगी असेल की मुलगा, आणि तिला चुलीजवळ यायला आवडेल का.

निवड होईल न होईल, पण लेकीने होस्ट घरासाठी भेटींची यादीच सुरू केलीय. त्यात पितळी समई आणि सातारचे कंदी पेढे आहेत. काही सुचवा.

उलटा_पतंग

समई घरीच ठेवा, सामानाचं वजन ब्लेझरच्या पिनांनीच भरतं (प्रत्येक देशाच्या मुलांशी पिना बदलायच्या असतात, आपल्याकडच्या भरपूर न्या). आणि पेढे तर अजिबात नाही. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून टाकतात. चिक्की न्या. त्यापेक्षा तिला चार पदार्थ नीट करायला शिकवा. मी पहिल्या रविवारी पोहे केले, पुढे त्या घरात मला दर पंधरा दिवसांनी कांदा चिरायला बसवायचे.

जास्वंदी

हो, करता येणं महत्त्वाचं. आमच्या पोरीने कंडेन्स्ड मिल्क आणि कोकोचे ब्रिगादेइरो केले होते, सासऱ्यांना मधुमेह असूनही चार गेले. घरातल्या सगळ्यांचे फोटो छापून न्या, फोनमधले नको. हातात घेऊन ही आजी, हा काका असं सांगायला भाषा लागत नाही.

हेडक्लार्क

भेटी होतील सावकाश. पासपोर्ट काढला का? पंधरा ते अठरा वयात दोन पर्याय असतात, अठरा पूर्ण होईपर्यंतचा किंवा पूर्ण फी भरून दहा वर्षांचा. दहा वर्षांचाच काढा, नाहीतर परदेशात असताना अठरा पूर्ण होऊन मुदत संपायची. आईवडील दोघांच्या सहीचं ॲनेक्शर डी (पालकांचं घोषणापत्र) लागेल. आणि शाळेच्या दाखल्यावरचं, आधारवरचं आणि तुमच्या पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच काढून बघा. तुमचं माहेरचं नाव एखाद्या कागदावर राहिलं असेल तर त्याला वेळ लागतो.

कृष्णाकाठ

राहिलंय! दाखल्यावर आईचं नाव वेगळंच लिहिलंय. उद्या शाळेत जाते.